पावती

दुभाष्याला मत नसतं,
नेमणुकीच्या कागदावरच तसं आहे.
म्हणून मी नुसती क्रियापदं वाहतो
या बाजूकडून त्या बाजूकडे, सांडू न देता.

तामनरासेतच्या हॉटेलात आज तिसरा दिवस.
सकाळभर एकच वाद :
'नुकसान झाले' की 'नुकसान झाले असावे'.
पॅरिसचे गृहस्थ 'असावे'वर अडून,
अल्जीयर्सचे आमचे साहेब 'झाले'वर.
मधे पाण्याच्या बाटल्या, दोन झेंडे
आणि एक नकाशा. त्यात डोंगर आहे,
डोंगराच्या पोटातला बोगदा आहे,
वारा नाही.
वाऱ्याची नोंद त्या दिवशी कोणी ठेवली नव्हती म्हणे.

जेवणानंतर तेकादेतला आत बोलावलं.
सत्तरीची. ओढणीची नीळ उतरून गालाला लागलेली.
स्फोटाच्या वेळी बोगद्यापासून किती किलोमीटरवर होतात?
ती म्हणाली, शेळ्या पुढे होत्या, मी मागे.
मी तेच फ्रेंचमध्ये सांगितलं.
लेखनिकाने रकाना कोरा सोडला.
जन्मतारीख? टोळधाड आली त्याच्या पुढचं वर्ष.
रहिवासाचा पुरावा? तंबूला कुठला घरनंबर.
पतीच्या मृत्यूचं कारण?
'खोकला,' म्हणाली. मग जरा थांबून,
'नाही. नोकरी.'

आणि तिने मनगटातलं कडं काढलं.
सहज निघालं, हात तेवढा वाळलाय.
तांब्याचं. सैनिक निघून गेले तेव्हा
बोगद्यातल्या तारा आम्ही सगळ्यांनीच उपसल्या होत्या,
तारांची कडी झाली, पत्र्यांची छपरं,
पिंपांत पाणी साठवलं, मुलं त्यात डोकावून हाका मारायची.
हे कडं तिच्या लग्नाचं, लोहाराने ठिपके ठोकलेलं.
टेबलावर ठेवलं तिने, आपटलं नाही,
ताटात भाकरी ठेवावी तसं.

खुर्च्या मागे सरकल्या.
सगळ्याच. त्यांच्या, आणि आमच्याही.

कालच इतिवृत्तात लिहून झालं होतं :
'सध्याची पातळी आरोग्यास निरुपद्रवी.'
त्या आवाजाचं भाषांतर कोणी मागितलं नाही.
तेकादेतने तेवढं माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाले?
मी म्हणालो, पंधरा मिनिटं विश्रांती.

हातमोजे घालून तज्ज्ञ आला,
चिमट्याने कडं जाड पिशवीत गेलं.
नियमाप्रमाणे पावती फाडली :
तेकादेत. गाव अमुक. कडे, नग एक.
वजन एकेचाळीस ग्रॅम. उगम : बोगदा.
स्थिती : दूषित.
सही, शिक्का.
मी ती तिला वाचून दाखवली. हे माझ्या कामात बसत नाही.

चौथ्या दिवशी मसुदा आला. एकरकमी, अंतिम.
तळाशी अंगठ्यासाठी चौकट, तिच्या वर एक ओळ :
'सर्व रक्कम भरून पावलो,
यापुढे कसलीही मागणी उरली नाही.'
भरून पावलो. मला हे तामाहकमध्ये येईना.
आमच्याकडे भरते ती विहिरीवरची पखाल,
आणि तोंड कितीही आवळा, झिरपतेच.
मी तसंच सांगून टाकलं.
ती हसली.
अंगठ्याऐवजी चौकटीवर तिने पावती ठेवली.

'पुरावा मागत होता ना?
नाव माझं, बोगदा तुमचा, शिक्का तुमचा.
आता ते असावे खोडा.'

शब्दशः सांगितलं मी. कदाचित थोडं मोठ्याने.

बैठक तहकूब. पुढची तारीख कळवण्यात येईल.

बसथांब्यावर तिचा दुसरा हात
सारखा मनगटाच्या फिकट पट्ट्यावर जात होता.
'कडं कधी देतील परत?'
पावतीत त्याबद्दल काही नव्हतं.
बस आली, बरं झालं.

घरी पोचलो तेव्हा पोरं झोपली होती.
वर बाबांनी आणलेला पत्रा,
खिळ्यांच्या जुन्या भोकांतून चांदण्या दिसणारा.
इतकी वर्षं छान दिसायच्या.
मी एकेक खाट धरून अंगणात ओढली.
फरशीवर तसाच आवाज झाला.